नोटीस आणि समन्स: कागद नीट बजावा, पुरावा जपा

“भाडेकरूला नोटीस मीच नेऊन दिली तर चालेल का?” “पाकीट ‘घेतले नाही’ असा शेरा पडून परत आले, आता काय करू?” “व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा आल्या, म्हणजे समन्स बजावले गेले ना?” “बेलिफ दोनदा जाऊन आला, समोरचा माणूस भेटतच नाही. तारखा मात्र पडत राहतात.” कोर्टकचेरीची वेळ आलेल्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबात हे प्रश्न विचारले जातात. उत्तरे मात्र ऐकीव असतात आणि अनेकदा चुकीची असतात.

बजावणी म्हणजे दोन गोष्टी. समोरच्याला त्याच्याविरुद्धचे म्हणणे कळणे ही पहिली, आणि ते कळल्याचा पुरावा तुमच्याकडे असणे ही दुसरी. यातले एकही कच्चे राहिले, तर दावा रखडतो किंवा मिळालेला हुकूमनामा पुढे रद्द होतो. म्हणून ही नुसती उपचारापुरती पायरी समजू नका.

आधी ठरवा: हातातला कागद कोणता?

- नोटीस तुम्ही किंवा तुमचे वकील पाठवतात. ती कोर्टात जाण्याआधीची पायरी असते. बहुतेक प्रकरणांत तुम्ही स्वतःच्या सहीनेही नोटीस पाठवू शकता.
- समन्स न्यायालय काढते. त्यावर न्यायालयाची सही आणि शिक्का असतो. ते कसे बजावायचे हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ मध्ये ठरवून दिले आहे. तिथे स्वतःच्या मनाने मार्ग काढता येत नाही.
- फौजदारी समन्स पोलीस किंवा न्यायालयाचे कर्मचारी बजावतात. १ जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे.

नोटिशीची रीत समन्सला लावणे आणि समन्सची रीत नोटिशीला लावणे, निम्म्या चुका इथेच होतात.

नोटीस लिहिण्याआधी मुदत तपासा

काही प्रकरणांत नोटिशीशिवाय दावा किंवा तक्रार चालतच नाही. नेहमी लागणाऱ्या मुदती अशा:

- न वटलेला चेक: चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवावी लागते. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून पैसे देण्यासाठी १५ दिवस असतात. त्या १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करायची.
- थकलेले भाडे: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १५ नुसार थकबाकीची लेखी मागणी भाडेकरूला बजावल्यानंतर ९० दिवस थांबावे लागते. त्याआधी थकबाकीच्या कारणावरून जागा खाली करून घेण्याचा दावा लावता येत नाही.
- सरकारविरुद्ध दावा: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार दोन महिन्यांची नोटीस लागते. राज्य सरकारसाठी ती सचिव किंवा जिल्हाधिकारी यांच्या कार्यालयात द्यायची. तातडीची दाद हवी असेल, तर न्यायालयाची परवानगी घेऊन नोटिशीआधीही दावा दाखल करता येतो.
- सहकारी संस्थेविरुद्ध दावा: संस्थेच्या कामकाजाशी संबंधित कृतीबद्दल दावा लावायचा असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १६४ नुसार दोन महिन्यांची नोटीस निबंधकांना द्यावी लागते. अनेक सभासद फक्त संस्थेच्या सचिवाला पत्र देतात आणि निबंधक कार्यालय विसरतात. त्या एका चुकीने दावा अडचणीत येतो.
- कॅव्हेट, म्हणजे “मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका” असा आगाऊ अर्ज: ज्याच्या अर्जाची तुम्हाला शक्यता वाटते, त्याला कॅव्हेटची नोटीस पोहोच पावतीसह पोस्टाने पाठवावी लागते. कॅव्हेट ९० दिवस टिकते. नंतर गरज असेल तर पुन्हा दाखल करायचे.

कागद टपालात टाकण्याआधी या तारखा वहीत लिहून ठेवा. चेकच्या प्रकरणात ३० दिवसांची मुदत हुकली, की तुमचे म्हणणे कितीही खरे असले तरी नोटीस उपयोगाची राहत नाही. चेकची स्वतःची वैधता शिल्लक असेल, तर तो पुन्हा भरणे एवढाच मार्ग उरतो.

पत्ता पक्का करा

बजावणी अडते ती बहुधा पत्त्यापाशी. “मु. पो. अमुक, ता. तमुक” एवढ्यावर खेड्यातला पोस्टमन माणूस शोधेलही, पुण्या-मुंबईच्या वीस मजली इमारतीत ते जमत नाही. म्हणून पाकिटावर आणि दाव्यात हे सगळे असू द्या:

- पूर्ण नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव. एकाच नावाची दोन माणसे त्या गावात असतील तर व्यवसायही
- घर किंवा सदनिका क्रमांक, इमारत, विंग, मजला, रस्ता, जवळची खूण, पिनकोड
- राहण्याचा आणि कामाचा, असे दोन्ही पत्ते
- करारनाम्यात, भाडेकरारात किंवा बँकेच्या कागदात दिलेला पत्ता
- मोबाइल क्रमांक आणि ईमेल, माहीत असल्यास

आताचा पत्ता वेगळा असल्याचा संशय असेल, तर नोटीस जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पत्त्यांवर पाठवा. चार रुपये जास्त लागतील, पण पुढे “मी तिथे राहतच नव्हतो” हा बचाव उभा राहणार नाही. समोरचा दुसरीकडे राहतो हे माहीत असूनही मुद्दाम जुन्या पत्त्यावर पाठवणे ही मात्र फसवणूक आहे. ती उघड झाली की तुमच्या बाजूचा निकालही टिकत नाही.

नोटीस पोहोचवण्याचे मार्ग

१. पोस्टाने. हा सगळ्यांत भरवशाचा मार्ग. १ सप्टेंबर २०२५ पासून पोस्ट खात्याने रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली आहे. त्यामुळे काउंटरवर नुसते “स्पीड पोस्ट करा” म्हणू नका. ‘रजिस्ट्रेशन’ आणि पोहोचल्याचा पुरावा, म्हणजे ‘प्रूफ ऑफ डिलिव्हरी’, या दोन्ही सोयी मागून घ्या. पावतीवर नाव आणि पिनकोड बरोबर छापला गेला आहे का, ते तिथेच पाहा. पाकीट पोहोचले की ट्रॅकिंगचे पान लगेच छापून ठेवा.

२. हातोहात. कार्यालय, कंपनी किंवा सोसायटी असेल तर आवक विभागात एक प्रत द्या आणि तुमच्या प्रतीवर तारखेसह शिक्का व सही घ्या. व्यक्तीला देत असाल तर प्रतीवर “मिळाली”, सही, तारीख आणि वेळ घ्या. वाद तापलेला असेल तर हा मार्ग टाळा.

३. भाडेकरूसाठी. भाड्याच्या नोटिशीला मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ ची रीत लागते. ती पोस्टाने पाठवता येते, भाडेकरूच्या हातात देता येते, किंवा त्याच्या घरी कुटुंबीयाकडे वा नोकराकडे देता येते. हे शक्य नसेल तर जागेच्या ठळक भागावर डकवता येते.

पाकीट परत आले, तर त्यावरचा शेरा नीट वाचा. पुढचे सगळे त्या शेऱ्यावर अवलंबून असते:

- घेण्यास नकार: पत्ता बरोबर असेल तर नोटीस बजावली गेली असे न्यायालये मानतात.
- सूचना देऊनही घेतले नाही, किंवा घर बंद: पत्ता बरोबर आणि टपालखर्च भरलेला असेल, तर सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम २७ नुसार बजावणी झाल्याचे गृहीत धरता येते. ते खोटे ठरवण्याची संधी समोरच्याला असते. चेकच्या नोटिशीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हे तत्त्व स्पष्ट केले. नोटीस मिळालीच नाही असे म्हणणारा आरोपी समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरू शकतो. तीही न भरता केवळ “नोटीस मिळाली नाही” या सबबीवर त्याला सुटता येत नाही, असेही त्या निकालात म्हटले आहे.
- पत्ता सोडून गेला: यावर विसंबू नका. नवा पत्ता शोधा आणि मुदत शिल्लक असेल तर लगेच पुन्हा पाठवा.
- पत्ता अपूर्ण: ही चूक पाठवणाऱ्याची आहे. ही बजावणी नव्हे.

परत आलेले पाकीट कधीही फोडू नका. ते बंद अवस्थेतच वकिलांकडे द्या. आत कोणता कागद होता याचा तो उत्तम पुरावा असतो.

समन्स: पायरीपायरीने

१. प्रती आणि फी. समन्स काढण्याचा आदेश झाला की प्रत्येक प्रतिवादीसाठी दाव्याची एकेक प्रत आणि बजावणीची फी ७ दिवसांत द्यायची असते. कोर्टात याला “भत्ता भरणे” म्हणतात. वर्षभर तारखा पडत राहतात आणि शेवटी भत्ताच भरलेला नव्हता असे निघते. वकिलांना पहिल्याच तारखेनंतर विचारा: “भत्ता भरला का? पावती आहे का?” भत्ता न भरल्यामुळे समन्स बजावले गेले नाही, तर दावा निकाली काढण्याचा अधिकार न्यायालयाला आहे.

२. बेलिफकडे नोंद. जिल्ह्यातल्या न्यायालयांत समन्स नाझर कार्यालयातून बेलिफकडे जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत हे काम शेरीफ कार्यालयातून होते. प्रतिवादी दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर समन्स तिथल्या न्यायालयामार्फत जाते. तिथे पाठपुरावा न केल्यास कागद पडून राहतो.

३. घर दाखवणे. बेलिफला पत्ता सापडत नसेल तर वादीने किंवा त्याच्या माणसाने घर दाखवायचे. घर दाखवून बाजूला उभे राहा. बोलणे आणि कागद देणे बेलिफचे काम आहे. समन्स डकवावे लागले, तर घर कोणी दाखवले आणि कोणासमोर डकवले, त्यांची नावे बेलिफच्या अहवालात यावी लागतात.

४. पोस्ट, मान्यताप्राप्त कुरिअर, ईमेल. न्यायालयाच्या आदेशाने समन्स या मार्गांनीही पाठवता येते. बेलिफच्या जोडीला पोस्टानेही पाठवण्याची मागणी करा.

५. हमदस्त. आदेश ५ नियम ९-अ नुसार न्यायालय समन्स तुमच्याच हाती देऊ शकते आणि तुम्ही ते प्रतिवादीला व्यक्तिशः द्यायचे असते. मूळ कागदावर सही घ्या, वेळ व ठिकाण लिहा आणि प्रतिज्ञापत्र दाखल करा. प्रतिवादीने कागद घेतला नाही किंवा सही केली नाही, तर हुज्जत घालू नका. तुमच्या अर्जावरून न्यायालय तेच समन्स पुन्हा काढून आपल्या यंत्रणेमार्फत बजावते.

६. अहवाल वाचा. समन्स न बजावता परत आले, तर ७ दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज करायचा असतो. तो न केल्यास त्या प्रतिवादीपुरता दावा निकाली निघू शकतो. म्हणून प्रत्येक तारखेला बेलिफचा अहवाल स्वतः वाचा.

आणखी एक नियम फार थोड्यांना माहीत असतो. समोरच्याला न ऐकता तुम्हाला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला, तर अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा आणि कागदपत्रांच्या प्रती त्याला लगेच द्याव्या किंवा पाठवाव्या लागतात. तसे केल्याचे प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करावे लागते. यात हयगय झाली तर हातात आलेला हुकूम उठू शकतो.

कागद कोणाच्या हाती चालतो?

- प्रतिवादी स्वतः: शक्य असेल तेव्हा त्यालाच द्यायचा. प्रतिवादी चार असतील तर चौघांना वेगवेगळा.
- कुटुंबातील प्रौढ व्यक्ती, स्त्री किंवा पुरुष: प्रतिवादी घरी नसेल, वाजवी वेळेत भेटण्याची शक्यता नसेल आणि कागद घेण्यासाठी त्याने कोणी मुखत्यार नेमलेला नसेल, तरच. ही व्यक्ती त्याच्यासोबत राहणारी हवी.
- नोकर, वॉचमन, शेजारी: दिवाणी समन्ससाठी चालत नाहीत. नोकर म्हणजे कुटुंबीय नव्हे, असे नियमातच स्पष्ट केले आहे.
- वादात विरुद्ध बाजूला असलेला नातेवाईक: टाळा. भावाभावांच्या वाटणीच्या दाव्यात एका भावाचे समन्स त्याच्याशी वैर असलेल्या भावाने घेतले, तर ती बजावणी कोणाला पटणार?
- कंपनी: सचिव, संचालक किंवा प्रमुख अधिकारी, अथवा नोंदणीकृत कार्यालयात.
- अल्पवयीन: पालकामार्फत.
- सैनिक: कमांडिंग ऑफिसरमार्फत. सातारा-कोल्हापूरकडच्या अनेक घरांतली मुले सीमेवर असतात. त्यांचे समन्स गावच्या दारावर डकवून काम संपवू नका.
- कैदी: तुरुंगाच्या प्रमुख अधिकाऱ्यामार्फत.

फौजदारी समन्सबाबत एक चांगला बदल झाला आहे. पूर्वी आरोपी वा साक्षीदार घरी नसेल तर समन्स फक्त कुटुंबातल्या प्रौढ पुरुषाकडे देता येत असे. नव्या संहितेत ते कुटुंबातल्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीकडे देता येतो.

समोरचा टाळत असेल तर

पहिली पायरी डकवण्याची. प्रतिवादी सही करत नसेल, किंवा योग्य प्रयत्न करूनही सापडत नसेल, तर बेलिफ घराच्या बाहेरच्या दारावर किंवा ठळक भागावर समन्सची प्रत डकवतो आणि अहवाल देतो. अशा बजावणीबद्दल न्यायालय बेलिफला शपथेवर विचारू शकते.

दुसरी पायरी पर्यायी बजावणीची, म्हणजे आदेश ५ नियम २०. प्रतिवादी मुद्दाम लपत आहे, किंवा नेहमीच्या मार्गाने बजावणी होणे शक्य नाही, अशी न्यायालयाची खात्री व्हावी लागते. त्यासाठी आधीच्या प्रयत्नांची जंत्री अर्जात द्या: कोणत्या तारखेला, कोणत्या पत्त्यावर, काय झाले. आदेश मिळाला की समन्स न्यायालयाच्या आवारात आणि घरावर डकवले जाते किंवा दैनिकात प्रसिद्ध होते. प्रतिवादी शेवटी जिथे राहत होता त्या भागात वाचले जाणारे दैनिक हवे. सोलापूरच्या माणसासाठी मुंबईतल्या इंग्रजी वर्तमानपत्राचा कोपरा निवडला, तर त्या जाहिरातीने कोणालाच काही कळत नाही.

जाहिरात हा शेवटचा उपाय आहे, सोयीचा नाही. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याच्या अर्जाची ३० दिवसांची मुदत मोजताना पर्यायी बजावणी ही रीतसर बजावणी धरली जात नाही. प्रतिवादीला हुकूमनामा कळल्या दिवसापासून ती मुदत सुरू होते. म्हणजे अनेक वर्षांनीही तो न्यायालयासमोर उभा राहू शकतो.

व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल

२०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस मिळाल्याचे मान्य केले, कारण संदेश नुसता पोहोचला नव्हता, तर जोडलेली फाइल उघडलीही गेली होती. याचा अर्थ व्हॉट्सअ‍ॅप हा सगळीकडे पुरेसा मार्ग झाला, असा नाही. नियम असे धरा:

- नोटीस पोस्टाने पाठवाच. व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल जोडीला वापरा.
- समन्स व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असेल तर आधी न्यायालयाची परवानगी घ्या.
- तो क्रमांक समोरच्याचाच आहे हे दाखवणारा कागद ठेवा: करार, आधीचे संदेश, बिल.
- फोन बदलला तरी मूळ संदेश जपा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते.
- चेकच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात हमदस्त आणि इलेक्ट्रॉनिक बजावणीचाही वापर करण्यास सांगितले आहे. तक्रारदाराने आरोपीचा ईमेल, मोबाइल क्रमांक यांचा तपशील प्रतिज्ञापत्रावर द्यायचा आहे.

उलट बाजूचा नियमही लक्षात ठेवा. चौकशीसाठी हजर राहण्याची भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे.

सुरक्षितता: या गोष्टी करू नका

- वाद चिघळलेला असेल तर कागद द्यायला स्वतः जाऊ नका. पोस्ट आणि बेलिफ याचसाठी आहेत.
- चार माणसे घेऊन दारात उभे राहू नका. नोटीस देणे आणि धाक दाखवणे यातला फरक पोलीसही ओळखतात.
- परवानगीशिवाय घरात पाऊल टाकू नका आणि कागद लहान मुलाच्या हाती देऊ नका.
- नोटीस सोसायटीच्या फलकावर, गावच्या पारावर किंवा व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकू नका. त्याने बजावणी होत नाही. उलट बदनामीची तक्रार तुमच्यावर येऊ शकते.
- “नकार दिला” असा खोटा शेरा मिळवण्याचा प्रयत्न करू नका. समोरचा त्या दिवशी गावात नव्हता हे एका रेल्वे तिकिटानेही सिद्ध होते.
- बेलिफला कोणी अडवले, धमकावले, तर तिथे भांडू नका. त्याने तसा अहवाल द्यावा. मग पोलीस बंदोबस्तासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येतो. कर्तव्य करणाऱ्या सरकारी नोकरावर हात टाकणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली गुन्हा आहे.

घरात हिंसा सोसणाऱ्या भगिनींसाठी हे महत्त्वाचे आहे: घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात नोटीस पोहोचवण्याची जबाबदारी तुमची नाही. २००५ च्या कायद्याच्या कलम १३ नुसार ती संरक्षण अधिकाऱ्याची आहे आणि त्यासाठी दोन दिवसांची मुदत दिली आहे. न्यायदंडाधिकारी ती वाजवी कारणासाठी वाढवू शकतात. तुम्ही कागद घेऊन त्या घरी जाऊ नका. सध्या माहेरी किंवा आधारगृहात असाल आणि तो पत्ता समोरच्याला कळू नये असे वाटत असेल, तर हे संरक्षण अधिकाऱ्याला आणि वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा. नोटीस पोहोचण्याचा काळ तणावाचा असतो. ११२ आणि महिला मदतवाहिनी १८१ हे क्रमांक हाताशी ठेवा.

प्रतिवादी परदेशात असेल तर

मुलगा अमेरिकेत, जमिनीचा वाद गावात, असे दावे आता नवे नाहीत. न्यायालयीन कागद परदेशी बजावण्याबाबतच्या १९६५ च्या हेग करारात भारत सामील आहे. तो भारतासाठी १ ऑगस्ट २००७ पासून लागू झाला. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया हे देशही त्यात आहेत. तिथल्या प्रतिवादीचे समन्स न्यायालयामार्फत ठरलेल्या नमुन्यात त्या देशाच्या केंद्रीय यंत्रणेकडे जाते. मराठीतल्या दाव्याचे इंग्रजी भाषांतर सोबत लागते. यात महिने जातात, म्हणून पहिल्याच तारखेला अर्ज करा.

परदेशी न्यायालयाचे कागद इकडे आले, तर वाट उलटी आहे. ते केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयामार्फत यायला हवेत. थेट पोस्टाने बजावण्यास भारताने या कराराखाली हरकत नोंदवली आहे. तरीही लग्न, घटस्फोट किंवा मुलांचा ताबा यासंबंधी परदेशातून आलेला लिफाफा बाजूला टाकू नका. तिकडची तारीख चालू राहते. लगेच वकिलांना दाखवा.

तुमच्या दारात कागद आला तर

सही करून कागद घेतला म्हणजे समोरच्याचे म्हणणे मान्य केले, असे होत नाही. सही फक्त मिळाल्याची असते. नकार दिला तरी बजावणी झाल्याचे धरले जाते आणि आत काय लिहिले आहे हे मात्र तुम्हाला कळत नाही. म्हणून कागद घ्या, सहीजवळ तारीख आणि वेळ घाला, आणि या मुदती पाहा:

- दिवाणी दावा: समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत, न्यायालयाने कारण नोंदवून मुभा दिल्यास ९० दिवसांपर्यंत. व्यापारी न्यायालयात १२० दिवसांनंतर कैफियत घेतलीच जात नाही.
- ग्राहक आयोग: तक्रारीसह नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस, फार तर आणखी १५.
- लीव्ह अँड लायसन्सची जागा: सक्षम प्राधिकाऱ्याचे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बचावाची परवानगी मागणारे प्रतिज्ञापत्र.
- चेकची नोटीस: मिळाल्यापासून १५ दिवस.

तुमचे हक्कही जाणून घ्या. समन्ससोबत दाव्याची प्रत मिळायलाच हवी. नसेल तर मागा. समन्स मिळालेच नाही आणि एकतर्फी निकाल लागला, तर आदेश ९ नियम १३ खाली तो रद्द करून मागता येतो. पण तारीख तुम्हाला माहीत होती आणि हजर राहायला पुरेसा वेळही होता असे दिसले, तर बजावणीतल्या किरकोळ त्रुटीवर निकाल रद्द होत नाही. तेव्हा कळल्याबरोबर हालचाल करा.

बनावट समन्सपासून सावध राहा. न्यायालयाचा किंवा तपास यंत्रणेचा कागद दाखवून व्हिडिओ कॉलवर कोणी “डिजिटल अटक” केल्याचे सांगत असेल, तर ती फसवणूक आहे. आपल्या कायद्यात अशी अटक नाही आणि कोणतेही न्यायालय फोनवर पैसे भरायला सांगत नाही. खऱ्या खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपमध्ये टाकून पाहा. पैसे गेले असतील तर १९३० वर तत्काळ कळवा.

तुमच्या फाइलमध्ये हे असायला हवे

१. नोटिशीची सही केलेली प्रत
२. पोस्टाची मूळ पावती आणि ट्रॅकिंगचे छापील पान
३. पोहोच पावती किंवा न फोडलेले परत आलेले पाकीट
४. भत्ता भरल्याची पावती
५. प्रत्येक बेलिफ अहवालाची प्रत
६. बजावणीचे प्रतिज्ञापत्र
७. ईमेल, व्हॉट्सअ‍ॅपचा मूळ संदेश आणि कलम ६३ चे प्रमाणपत्र
८. तारखांची एक यादी: पाठवले कधी, पोहोचले कधी, मुदत संपते कधी

पावत्यांची शाई काही महिन्यांत उडते. त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा.

वकील परवडत नसेल म्हणून थांबू नका. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेनुसार. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे.

समोरच्याला अंधारात ठेवून मिळवलेला निकाल टिकत नाही. त्याला नीट कळवून, बोलण्याची संधी देऊन मिळवलेला निकाल पुढे अपिलातही तुमच्या बाजूने उभा राहतो. म्हणून घाई मुदत पाळण्यात करा, आणि पत्ता, पद्धत व पुरावा या तीन गोष्टींत कसूर करू नका.